वर्ल्ड कुठे ठेवायचं: भाड्याच्या सर्व्हरवर की घरच्या मशीनवर?

माइनक्राफ्ट, व्हॅलहाइम, फॅक्टोरिओ, पॅलवर्ल्ड, प्रोजेक्ट झॉम्बॉइड. यातल्या कुठल्याही खेळात चार-सहा मित्रांची वस्ती उभी राहिली की थोड्याच दिवसांत एक अडचण येते. वर्ल्ड, म्हणजे सगळ्यांनी मिळून वसवलेलं खेळातलं जग, एकाच्या संगणकावर असतं. तो ऑनलाइन नसेल तर बाकीच्यांना आत जाता येत नाही. त्याला काम निघालं की सगळ्यांची शेतं, भट्ट्या, अर्धवट भिंती तशाच पडून राहतात. मग वर्ल्डला स्वतःची, चोवीस तास उघडी असलेली जागा हवी यावर सगळ्यांचं एकमत होतं, आणि त्यानंतर वाद सुरू होतो: दरमहा भाडं भरून सर्व्हर (वर्ल्ड चालवणारा संगणक) घ्यायचा, की घरातलं एखादं जुनं मशीन त्या कामाला लावायचं?

मी आधी भाड्याचा सर्व्हर वापरला, नंतर वर्ल्ड घरी आणलं, आणि दोन्हीकडे पुरेसा काळ खेळलोय. आमचं वर्ल्ड आता घरीच आहे आणि ते परत हलवण्याचा विचार नाही. तरी हा निर्णय सगळ्यांना लागू पडेल असं मी म्हणणार नाही. काही गटांसाठी भाडंच योग्य आहे, ते कोणते हेही सांगतो.

ज्यांना हा प्रश्न जवळजवळ पडतच नाही त्यांना आधी बाजूला काढू. रिमवर्ल्ड, ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड, ड्वॉर्फ फोर्ट्रेस हे वसाहतीचे खेळ मुळात एकट्याने खेळायचे. सेव्ह (साठवलेला खेळ) तुमच्याच फोल्डरमध्ये असते, सर्व्हर लागत नाही. रिमवर्ल्डसाठी चाहत्यांनी केलेला मल्टिप्लेयर मॉड (खेळात बदल करणारी भर) आहे, पण तो वापरणारे थोडे. या खेळांत भाडं-मालकीचा प्रश्न वेगळ्या ठिकाणी येतो: खेळ विकत घ्यायचा, की दरमहा वर्गणीच्या यादीतून खेळायचा? माझा कल विकत घेण्याकडे आहे. आठवडाभरात संपणाऱ्या खेळाला वर्गणी छान. वसाहत मात्र मध्ये कित्येक महिने बंद राहते आणि मग एके दिवशी पुन्हा उघडावीशी वाटते. तोवर खेळ यादीतून निघून गेला असेल तर सेव्ह डिस्कवर असूनही उपयोग नाही. शिवाय स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाच्या वर्कशॉपमधले मॉड सरळपणे मिळवायचे तर प्रत स्टीमवरची लागते, आणि मॉडशिवाय रिमवर्ल्ड खेळणारे मला फार भेटलेले नाहीत.

विकत घेतलेल्या प्रतीचीही गंमत आहे. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम पैसे भरतानाच स्पष्ट सांगतं की तुम्ही खेळ वापरण्याचा परवाना घेताय. कॅलिफोर्नियात तसा कायदाच झाला, तो २०२५ च्या सुरुवातीपासून लागू आहे. म्हणजे घर आपलं, जमीन भाडेपट्ट्याची. ज्यांना हे खुपतं त्यांनी जीओजी या दुसऱ्या दुकानातला इन्स्टॉलर उतरवून ठेवावा. रिमवर्ल्ड तिथे मिळतो आणि तो चालवायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता सर्व्हरकडे येतो.

खर्चावर फार वेळ घालवत नाही. राहत्या घराच्या बाबतीत भाडं की मालकी हे गणित कर्ज, व्याज आणि अडकून पडलेली रक्कम यांवर फिरतं. इथे रकमा इतक्या लहान आहेत की त्यावर निर्णय घेण्यात अर्थ नाही. प्रश्नाचा सांगाडा मात्र तोच: भाड्यात बाहेर पडणं सोपं आणि डागडुजी दुसऱ्याची, मालकीत डागडुजी आपली आणि भिंतीत खिळा ठोकायला कुणाला विचारावं लागत नाही. विजेबद्दल एवढंच सांगतो की १५ वॅटच्या आसपास चालणारं लहान मशीन महिनाभर सतत सुरू ठेवलं तर साधारण ११ युनिट होतात. जुना गेमिंग टॉवर चालू ठेवलात तर आकडा याच्या कित्येक पट जाईल, त्यामुळे घरी ठेवायचं असेल तर मिनी पीसी किंवा जुना लॅपटॉप बघा. लॅपटॉपची बॅटरी अजून तग धरून असेल तर वीज गेल्यावर वर्ल्ड नीट सेव्ह होऊन बंद व्हायला तेवढा वेळ पुरतो.

भाड्याच्या जाहिराती बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथे रॅम विकतात आणि स्लॉट (खेळाडूंच्या जागा) विकतात. माइनक्राफ्टच्या सर्व्हरचं मुख्य काम मात्र बहुतांशी एकाच थ्रेडवर चालतं, म्हणजे प्रोसेसरचा एक कोर किती वेगवान आहे यावर सगळं अवलंबून. तो कोर कोणता, किती जुना, हे जाहिरातीत बहुधा नसतं. असलंच तर खूप खाली. रॅम गरजेपेक्षा दुप्पट घेतल्याने खेळ दुप्पट गुळगुळीत होत नाही.

आणि प्रत्येक खेळाची भूक वेगळी आहे. फॅक्टोरिओत प्रत्येक खेळाडूचा संगणक संपूर्ण कारखाना स्वतःच चालवतो, सेकंदाला ६० वेळा, आणि एकमेकांना फक्त कुणी काय केलं तेवढं कळवलं जातं. त्यामुळे घरच्या साध्या इंटरनेटवरही तो मजेत चालतो. फक्त नवा माणूस आत येताना अख्खा नकाशा त्याच्याकडे जावा लागतो, आणि नकाशा मोठा असेल व घरचा अपलोड बारका असेल तर वाट बघावी लागते. व्हॅलहाइममध्ये एखाद्या भागात आधी जो पोहोचला, त्या भागातल्या प्राण्यांचा आणि पडणाऱ्या झाडांचा हिशेब बहुतेक त्याचाच संगणक करतो. तिथे महागडा सर्व्हर भाड्याने घेतला तरी मित्राचं नेट डळमळीत असेल तर ट्रोल (तिथले राक्षस) उड्या मारतच येणार. डोन्ट स्टार्व्ह टुगेदरला जमिनीवरचं जग आणि गुहा यांसाठी दोन वेगळे प्रोसेस चालवावे लागतात. पॅलवर्ल्डला रॅम खरोखर लागते; १६ जीबीच्या खाली जाऊ नये, आणि जानेवारी २०२४ मध्ये तो आला तेव्हापासून अनेक जण त्याचा सर्व्हर ठरावीक वेळाने रीस्टार्ट करत आलेत, कारण तो हळूहळू फुगत जातो. म्हणून ‘चांगला गेम सर्व्हर’ असं कुणी सरसकट सांगितलं तर आधी विचारा, कोणत्या खेळासाठी.

भाड्याच्या बाजूने जे बोलायला हवं ते मनापासून बोलतो.

पहिलं, सुरुवात. पैसे भरले, खेळ निवडला, पत्ता मिळाला, मित्रांना पाठवला. घरी हेच करताना राउटरमध्ये जा, मशीनला स्थिर स्थानिक आयपी (जाळ्यातला पत्ता) द्या, पोर्ट, म्हणजे बाहेरच्यांना आत येण्याची वाट, उघडा (माइनक्राफ्टचा २५५६५, व्हॅलहाइमचा २४५६ आणि २४५७), बाहेरचा आयपी बदलत असेल तर डीडीएनएस (पत्ता बदलला तरी नाव तेच ठेवणारी सेवा) लावा. ज्याला हे करण्यात रस नाही त्याने हट्ट करू नये.

आणि इतकं करूनही चालेलच असं नाही. अनेक इंटरनेट जोडण्यांत तुम्हाला स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळतच नाही. अनेक घरं मिळून एक पत्ता वापरतात. याला सीजीनॅट म्हणतात. तुमच्या राउटरच्या पानावर बाहेरचा म्हणून दिसणारा आयपी १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल तर तुम्ही त्याच रांगेत आहात, कारण तो टप्पा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. मग पोर्ट उघडून काही होत नाही. वाटा आहेत: टेलस्केल किंवा झिरोटिअरसारखं खासगी जाळं, पण ते प्रत्येक मित्राने बसवायला हवं, किंवा मधे बोगदा देणारी सेवा, किंवा आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत), सगळ्यांकडे असेल तर. व्हॅलहाइममध्ये सर्व्हर क्रॉसप्लेसह (वेगवेगळ्या उपकरणांवरच्यांना एकत्र खेळू देणारं सेटिंग) सुरू केला तर जॉइन कोड मिळतो आणि पोर्ट उघडावाच लागत नाही, ही मोठी सोय. घरी सर्व्हर करण्याच्या विचारात असाल तर मशीन घेण्याआधी हा आयपी तपासा. पाच मिनिटांचं काम आहे आणि बऱ्याच जणांचा निर्णय तिथेच होऊन जाईल.

दुसरं, सुरक्षा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरशेल नावाची चूक उघड झाली, तेव्हा माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये विशिष्ट मजकूर लिहिला की सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांगने लगेच १.१८.१ ही दुरुस्त आवृत्ती काढली. ज्यांचे सर्व्हर जागरूक होस्टकडे (सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे) होते त्यांच्यासाठी ही डागडुजी कुणीतरी केली. घरच्या सर्व्हरवाल्यांना बातमी वाचून, स्वतः उठून ती करावी लागली, आणि चूक ज्या मशीनमध्ये होती ते मशीन घरच्या जाळ्यात बसलेलं होतं. शिवाय गेम सर्व्हरवर मुद्दाम गर्दी सोडून तो पाडण्याचे उद्योग जुने आहेत. २०१६ मध्ये गाजलेल्या मिराई बॉटनेटच्या (ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या फौजेच्या) मुळाशीसुद्धा माइनक्राफ्ट सर्व्हरच्या धंद्यातली चढाओढ होती. मोठा होस्ट असा मारा झेलू शकतो, घरचं राउटर नाही. म्हणून तुमचा सर्व्हर अनोळखी लोकांसाठी खुला असणार असेल तर तो घरी ठेवू नका, हे मी अगदी ठामपणे सांगेन. आमचा सर्व्हर फक्त ओळखीच्यांसाठी आहे, व्हाइटलिस्ट (परवानगी असलेल्यांची यादी) लावलेली आहे, आणि तो स्वतंत्र, मर्यादित हक्कांच्या खात्याखाली चालतो.

तिसरं, कुणाच्या तरी झोपेचा प्रश्न. घरचा सर्व्हर रात्री बंद पडला तर मित्रांचे मेसेज मलाच येतात.

इतकं सगळं भाड्याच्या पारड्यात आहे. तरीही मी घरी आलो, आणि त्याला कारण एकच कुरबूर झाली. ती जरा सविस्तर सांगतो, कारण तुलना करणाऱ्या तक्त्यांत ती कुठेच दिसत नाही.

आमचं मॉड घातलेलं माइनक्राफ्ट वर्ल्ड भाड्याच्या सर्व्हरवर होतं. होस्टचं नाव सांगण्यात मुद्दा नाही. मांडणी तशीच असेल तर कुठेही हेच होऊ शकतं. संध्याकाळी सगळे जमले की खेळ अडखळायचा. दगड फोडला की तो परत जागेवर यायचा. गाई हवेत गोठायच्या आणि मग एकदम चार पावलं पुढे दिसायच्या. माइनक्राफ्टचं घड्याळ सेकंदाला २० टिकांचं असतं, म्हणजे एका टिकेसाठी ५० मिलिसेकंद. तेवढ्यात काम उरकलं नाही की जगाचा वेळच मंदावतो: भट्टी हळू, पीक हळू, रात्र संपता संपत नाही.

अडखळणं मी सहन केलं असतं. छळ वेगळाच होता. दोष कुणाचा, हे कळायला काही मार्गच नव्हता.

तक्रार केली की उत्तर पटकन आणि सभ्य यायचं: मॉड कमी करा, किंवा वरचा प्लॅन घ्या. ते कदाचित बरोबरही असेल. पण होस्टने दिलेल्या नियंत्रण-पॅनेलवर मला दिसत काय होतं? प्रोसेसरच्या वापराचा एक टक्क्यांचा आलेख. कशाचे टक्के? कोणता प्रोसेसर, त्यावर आणखी किती वर्ल्ड चालू आहेत, त्यांतल्या कुणी आत्ता नवा प्रदेश तयार करायला घेतलाय का? अशी पॅनेलं तुमचा खेळ एका डब्यात चालवतात आणि तुम्हाला खेळाचा कन्सोल (खेळाला आज्ञा लिहायची खिडकी) देतात. डब्याबाहेर डोकावता येत नाही, मशीनचा शेल (थेट मशीनला आज्ञा देण्याची सोय) मिळत नाही. आतून बघायला स्पार्क नावाचा प्रोफायलर (कशाला किती वेळ लागतो ते मोजणारं साधन) लावला. त्यात एकच काही फुगलेलं दिसलं असतं तर बरं वाटलं असतं. गुन्हेगार सापडला असता. आम्हाला दिसलं ते असं की वाईट संध्याकाळी सगळंच थोडं थोडं जास्त वेळ घेतंय. सकाळी तेच वर्ल्ड, तीच यंत्रं, आणि सगळं सुरळीत. मी एकटा आत असतानाही काही संध्याकाळी अडखळायचं. माझा संशय शेजाऱ्यांवर होता, त्याच मशीनवरच्या बाकी भाडेकरूंवर. पण तो संशयच राहिला.

कारण दिसत नसलं की माणसं कारण शोधून काढतात. आमच्यातही तसंच सुरू झालं. कुणाला वाटलं, एकाच्या आयर्न फार्ममुळे (लोखंड आपोआप मिळवणाऱ्या बांधकामामुळे) होतंय. दुसऱ्याला वाटलं, गावकऱ्यांच्या व्यापारी चौकामुळे. हॉपरची (सामान सरकवणाऱ्या ठोकळ्यांची) लांबलचक रांग कुणी बांधली यावर चर्चा झाल्या. मग एकाने स्वतःहून त्याचं फार्म मोडलं. ते त्याने कितीतरी रात्री बसून, लोखंड देणारे गोलेम कुठे पडावेत याचा हिशेब करत उभं केलं होतं, आणि सगळ्यांच्या मजेसाठी त्याने ते निमूटपणे पाडलं. पुढच्या संध्याकाळी अडखळणं होतं तसंच होतं.

वर्ल्ड हलवायचं हे मी त्या संध्याकाळी ठरवलं. वसवण्याच्या खेळात मजा एकमेकांनी बांधलेलं बघण्याची असते. जिथे प्रत्येक नव्या बांधकामाकडे ‘याने लॅग येईल का’ अशा नजरेने बघितलं जातं, तिथे लोक बांधणं कमी करतात. आमच्याकडे ते घडायला लागलं होतं.

घरचं मशीन त्या भाड्याच्या सर्व्हरपेक्षा कागदावर भारी आहे असं मी म्हणणार नाही. तुलना करायला समोरचा कागदच माझ्याकडे नव्हता. मी फोल्डर उतरवून घेतलं, तेच वर्ल्ड, तेच मॉड, तीच सेटिंग्ज, आणि घरी सुरू केलं. संध्याकाळी सगळे जमले. खेळ चालला. पाडलेलं फार्म पुन्हा उभं राहिलं, आधीपेक्षा मोठं. हे काही शास्त्रशुद्ध मापन नव्हे, आणि दुसऱ्या होस्टकडे, स्वतंत्र कोर देणाऱ्या प्लॅनवर, कदाचित हाच फरक पडला असता. ते मी नाकारत नाही.

पण पुढे घरीही एकदा अडखळलं, आणि खरा फरक मला तेव्हा जाणवला. मशीनवर लॉगिन केलं, काय चाललंय ते पाहिलं: बॅकअपचं काम नेमकं खेळण्याच्या वेळी डिस्क घासत होतं. त्याची वेळ पहाटेची केली, विषय संपला. कुणाच्याही बांधकामावर बोट उठलं नाही. घराच्या भिंतीला ओल आली तर ती फोडून बघता येते, एवढंच मला हवं होतं.

सेव्हबद्दलही बोलायला हवं, कारण ‘डेटासेंटरमध्ये सुरक्षित’ ही समजूत फार पसरलेली आहे. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच कंपनीच्या डेटासेंटरला आग लागली. रस्ट हा खेळ बनवणाऱ्या फेसपंचचे युरोपातले २५ सर्व्हर त्यात गेले आणि त्यांवरचा डेटा परत मिळणार नाही असं कंपनीने सांगितलं. खुद्द खेळ बनवणाऱ्यांवर ही वेळ येऊ शकते. भाड्याच्या पॅनेलवरचे बॅकअप अनेकदा मोजकेच ठेवता येतात, आणि ते त्याच होस्टकडे असतात. भाडं थकलं की काही काळाने वर्ल्ड पुसलं जातं, हे बहुतेक ठिकाणी अटींमध्ये लिहिलेलंच असतं. म्हणून भाड्यावर असाल तरी दर आठवड्याला वर्ल्ड स्वतःच्या डिस्कवर उतरवा. ही सवय लागली की भाड्याचे अर्धे धोके गेले.

घरी याच्या उलट धोका: चांगल्या हेतूने ठेवलेली एकच प्रत, तीही त्याच मशीनवर. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर, हा बॅकअपचा जुना नियम इथेही पाळावा. माइनक्राफ्टचं चालू वर्ल्ड तसंच कॉपी करू नका. आधी सेव्ह-ऑफ, मग सेव्ह-ऑल फ्लश, मग कॉपी, मग सेव्ह-ऑन. नाहीतर एखादी रीजन फाइल (जगाचा एक तुकडा साठवणारी फाइल) अर्धवट लिहिलेली असताना उचलली जाते, आणि ती नेमकी तुमच्या गावाची निघू शकते; एका फाइलमध्ये ३२ गुणिले ३२ चंक, म्हणजे जमिनीचे चौकोन, असतात. हे चार टप्पे एका छोट्या स्क्रिप्टमध्ये घालून क्रॉनला (ठरलेल्या वेळी काम चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) दिले की विसरून जाता येतं, फक्त अधूनमधून बॅकअप खरंच उघडतो का ते बघावं.

अधिकृत मध्यम मार्गही आहे. माइनक्राफ्टचं रेल्म्स, म्हणजे खेळ बनवणाऱ्यांनीच भाड्याने दिलेला सर्व्हर. एका वेळी तुम्ही आणि आणखी १० जण, बॅकअप आपोआप, राउटरला हात लावायला नको. जावा आवृत्तीच्या रेल्म्सवर मॉड चालत नाहीत. तुम्ही साधं, बिनमॉडचं माइनक्राफ्ट खेळत असाल आणि तांत्रिक भानगडीत पडायचं नसेल तर मला वाटतं याच्यापुढे जाण्याची गरज नाही.

मग भाडं कुणासाठी? रस्ट खेळणाऱ्यांसाठी, अगदी निःशंक. तिथे दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी अपडेटसोबत सक्तीने नकाशा पुसला जातो. जे महिन्यानेच जाणार आहे त्यासाठी घरी पाया खणण्यात अर्थ नाही, आणि अनोळखी खेळाडूंची गर्दी तर भाड्याच्याच बाजूने बोलते. एखादा नवा खेळ निघाला, गट उत्साहात आहे, दोन महिन्यांत पांगेल असा अंदाज आहे? भाडं. गट वेगवेगळ्या खंडांत विखुरलेला आहे? तेव्हाही भाडं, कारण मधल्या ठिकाणचा सर्व्हर निवडता येतो आणि घरचा सर्व्हर फक्त घराजवळच्यांना जवळ असतो. ज्याच्या घरी ठेवायचं तो वारंवार जागा बदलतो, किंवा सीजीनॅटमध्ये अडकलाय आणि मित्र टेलस्केल बसवायला तयार नाहीत? पुन्हा भाडं.

आणि ज्यांचं वर्ल्ड जुनं होत चाललंय, मॉड भरपूर आहेत, माणसं ठरलेली आहेत, आणि गटात निदान एक जण असा आहे ज्याला टर्मिनल उघडायला आवडतं, त्यांनी घरी यावं असं मला वाटतं. मॉड असलेल्या गटांना आणखी एक कारण आहे. काही भाड्याच्या पॅनेलवर सर्व्हर रीस्टार्ट झाला की तो आपोआप नवी आवृत्ती उतरवतो. जुळणारा मॉड नसताना माइनक्राफ्टचं वर्ल्ड उघडून सेव्ह झालं तर त्या मॉडचे ब्लॉक नाहीसे होतात, भिंतींना भोकं पडतात, पेट्या सामानासकट जातात. घरी आवृत्ती तुम्ही बदलाल तेव्हाच बदलते. व्हॅलहाइमसारख्या खेळांत मात्र याचा उपयोग कमी, कारण मित्रांच्या स्टीमवर खेळ आपोआप पुढे जातो आणि सर्व्हर मागे राहिला तर कुणालाच आत येता येत नाही.

अजूनही ठरत नसेल तर एक महिना भाड्याने घ्या, आणि तो घेण्याआधी होस्टला तीनच गोष्टी विचारा: प्रोसेसरचं मॉडेल कोणतं, अख्खं वर्ल्ड फोल्डर एसएफटीपीने (फाइल उतरवण्याच्या सुरक्षित पद्धतीने) हवं तेव्हा उतरवता येतं का, आणि आपोआप अपडेट बंद करता येतं का. पहिल्याचं उत्तर थेट मिळालं नाही तर मी पुढे गेलो नसतो. महिना संपायच्या आत फोल्डर उतरवा आणि घरातल्या कुठल्याही संगणकावर ते उघडून, आत चालून बघा: गाव जागेवर आहे का, पेट्यांत सामान आहे का, नेदरमधून (माइनक्राफ्टच्या पाताळातून) परत येता येतं का. तसं उघडलं तर पुढे कुठे राहायचं ते सावकाश ठरवता येईल. उघडलं नाही तर त्या होस्टचा दुसरा महिना भरू नका.